मंद स्वरांची सोबत

या सदरातून आपण बहुधा घरातल्याच गोष्टी बोलतो. कधी मुलांच्या वाचनाविषयी, कधी पाहुणचाराविषयी, कधी सुट्टीतल्या प्रवासाविषयी. आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की, बाईंनी या खेपेस घर सोडून थेट दक्षिण अमेरिका गाठली! विषय आहे ब्राझील देशातील एका संगीतप्रकाराचा. परंतु त्याची आणि माझी ओळख कोणत्याही सभागृहात झाली नाही. ती झाली आमच्या दिल्लीच्या दोन खोल्यांच्या घरात, जुन्या बाजारातून आणलेल्या तबकड्यांमुळे. आणि त्या ओळखीने आमच्या घरातील एक अवघडलेली शांतता थोडी सैल केली. म्हणून ही हकीकत आपणांस सांगावीशी वाटते.

तीन वर्षांपूर्वी माझी आई वारली. वडील मिरजेस एकटे कसे राहणार, म्हणून आम्ही त्यांना दिल्लीस घेऊन आलो. अण्णांनी मिरजेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकविले. पण गावात त्यांची ओळख गणितापेक्षा पेटीमुळे अधिक. आईचा गळा बारीक आणि गोड होता. सायंकाळी सांगली आकाशवाणीवर भावगीते लागली की ती स्वयंपाकघरातून साथ धरी आणि अण्णा पेटी पुढे ओढीत. आमचे सारे बालपण या साथीवर गेले. आई गेली त्या आठवड्यात अण्णांनी पेटीला धोतराचे पान गुंडाळून ती माळ्यावर ठेवून दिली. दिल्लीस येताना कपड्यांची एक पेटी तेवढी आणली. ती दुसरी आणली नाही.

इथे आल्यावर ते कोणाला अंतर देत नव्हते. नातीला पाढे शिकवीत, भाजी निवडीत, यजमानांशी वर्तमानपत्रातील बातम्यांवर बोलत. मात्र कोणी गाणे लावले की हळूच उठून गॅलरीत जाऊन उभे राहत. कोणावर राग नाही, तक्रार नाही. दोन-तीनदा असे झाल्यावर आम्हीच गाणे लावेनासे झालो. ज्या घरात गाणे बंद होते तिथे माणसे फार जपून बोलू लागतात, हे मला त्या वर्षी कळले.

अशात यजमानांच्या एका स्नेह्यांची बदली झाली आणि सामान कमी करण्याच्या नादात त्यांनी आपला तबकड्या वाजविण्याचा संच आम्हांला देऊन टाकला. मनात आले, आई गात असे ती भावगीते जुन्या तबकड्यांवर मिळाली तर कदाचित अण्णा ऐकतील. जामा मशिदीजवळच्या एका जुन्या दुकानात गेले. मराठी तबकडी एकही मिळाली नाही. दुकानदाराने, मी रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून, फाटक्या वेष्टनांच्या सहा परदेशी तबकड्यांचा गठ्ठा अगदी स्वस्तात माझ्या पिशवीत घातला. त्यांपैकी एकीच्या वेष्टनावर नारिंगी आणि काळ्या रंगांचे फटकारे होते. ते चित्र पोर्तो रिकोच्या चित्रकर्त्री ओल्गा अल्बिझू यांचे, हे मला पुढे कळले. त्या वेळी एवढेच वाटले की, चित्र तरी बरे आहे.

रात्री नऊला मुलगी झोपली. भिंती पातळ, शेजार जवळचा. म्हणून आवाज अगदी कमी ठेवून मी ती नारिंगी तबकडी लावली. आधी एक गिटार, मग एका पुरुषाचा आवाज. भाषा पोर्तुगीज, एक अक्षर कळेना. पण तो आवाज इतका दबका होता की, आवाजाचे बटण फिरवून तो आणखी कमी करण्याची गरजच नव्हती. जणू गाणाऱ्यालाही ठाऊक होते की शेजारच्या खोलीत लेकरू निजले आहे.

अण्णा उठले. मला वाटले, निघाले गॅलरीत. ते दारापर्यंत गेले, तिथे थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, “अगं, हा गातो आहे की बोलतो आहे?” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “याच्यापुढे सभागृह नाही. फक्त माईक आहे.” तबकडीची बाजू संपेपर्यंत ते दारातच उभे होते. एवढे पुष्कळ झाले.

वाचकहो, मी भाषांतराचे काम करणारी. न कळणारा शब्द तसाच सोडून पुढे जाणे आमच्या व्यवसायात बसत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी या संगीताच्या मागे लागले. जे हाती आले ते थोडक्यात सांगते.

ब्राझीलचा सांबा आपण नावाने तरी ऐकला असेल. त्या देशात १८८८ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज बाहिया प्रांतातून रिओ दि जानेरो शहरात आले आणि त्यांच्या वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी सांबा वाढला. तो रस्त्यावरचा, मिरवणुकीचा, अनेक ढोलांचा ताल. १९५० नंतरच्या दशकात रिओच्या समुद्रकाठच्या बिऱ्हाडांत काही तरुण मंडळी जमू लागली. सदनिकांत ढोल कोण वाजवू देणार? तिथे गिटार होती, पियानो होता आणि भिंतीपलीकडे शेजारी होते. या बैठकांतून सांब्याला एक घरगुती रूप आले. त्याचे नाव ‘बोसा नोव्हा’, म्हणजे नवी ढब.

या ढबीला आकार देणाऱ्यांत तीन नावे प्रमुख. स्वररचना करणारा अँतोनियो कार्लोस जोबिम, गीते लिहिणारा कवी व्हिनिसियस द मोराइस, जो व्यवसायाने परराष्ट्र खात्यातील अधिकारी होता, आणि गायक-गिटारवादक जोआओ जिल्बर्टो. आमच्या घरी त्या रात्री ऐकू आला तो या जिल्बर्टोचा आवाज. त्याचा जन्म १९३१ चा, बाहियातील जुआझेरू गावचा. रिओत जम बसेना म्हणून तो काही महिने दियामान्तिना या डोंगराळ गावी बहिणीच्या घरी जाऊन राहिला. असे सांगतात की, तिथे तो दिवसचे दिवस न्हाणीघरात बसून गिटार वाजवी. फरशीच्या भिंतींवरून परतणारा स्वर त्याला हवा होता. तिथून तो परतला तेव्हा त्याची ढब तयार झाली होती. १९५८ मध्ये त्याने जोबिम-मोराइस जोडीचे एक गीत ध्वनिमुद्रित केले. ते जेमतेम दोन मिनिटांचे आहे, पण बोसा नोव्हाचा आरंभ बहुतेक लोक तिथून धरतात.

त्याच्या गिटारीत विशेष काय, हे मला पुस्तकांतून नीट उमजत नव्हते. लिहिले होते की, अंगठा सांब्यातील मोठ्या ढोलाचा संथ ठोका धरून ठेवतो आणि बाकीची बोटे एकदम अनेक स्वर छेडून लहान वाद्यांचे आडवळणी आघात देतात. गळा मात्र दोघांच्याही जरा पुढे-मागे चालतो. हे मी अण्णांना वाचून दाखविले. ते लगेच म्हणाले, “सोपे आहे. अंगठा म्हणजे डग्गा, बोटे म्हणजे तबला. आणि गाणारा समेवर येण्याची घाई करीत नाही.” गणिताच्या मास्तरांनी एका वाक्यात उदाहरण सोडविले!

त्यानंतर ते जे बोलले ते मला अधिक मोलाचे वाटते. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या काळात गायकाला पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत आवाज पोचवावा लागे. पुढे ध्वनिक्षेपक आला, आकाशवाणी आली, आणि गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनी तेच मराठी गाणे माणसाच्या कानाजवळ आणले. भावगीत जन्मले ते त्या माईकपुढे. “तुझ्या आईला नाटकातली पदे जमत नसत,” अण्णा म्हणाले, “पण भावगीत तिचेच.” आई गेल्यानंतर तिच्या गाण्याचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. मिरजेचा माणूस असल्यामुळे त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचेही नाव घेतले. आवाज न चढविता मैफल कह्यात ठेवणारा गवई मिरजकरांना नवा नव्हता.

आता या संगीताच्या प्रवासाची गंमत पाहा. ते जगभर गेले ते प्रथम कोणाच्या तरी सामानातून. १९६१ मध्ये चार्ली बर्ड हा अमेरिकन गिटारवादक आपल्या सरकारच्या वतीने लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला होता. ब्राझीलमध्ये त्याने हे संगीत ऐकले, येताना तिथल्या तबकड्या बरोबर आणल्या आणि स्टॅन गेट्झ या सॅक्सोफोनवादकास ऐकविल्या. फेब्रुवारी १९६२ मध्ये वॉशिंग्टनमधील एका चर्चच्या दिवाणखान्यात या दोघांनी ‘जॅझ सांबा’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली आणि पुढच्या वर्षी ती अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तीतील प्रसिद्ध रचनेचे नाव ‘देसाफिनादो’, म्हणजे ‘बेसूर’. गाणारा बेसूर आहे असे म्हणणाऱ्या टीकाकारांना जोबिम आणि त्याचा साथीदार न्यूटन मेंडोन्सा यांनी गाण्यातूनच दिलेले ते उत्तर होते.

आमची नारिंगी तबकडी याच्या पुढची. मार्च १९६३ मध्ये गेट्झ, जिल्बर्टो आणि जोबिम न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले. इपानेमा किनाऱ्यावरच्या मुलीचे गीत इंग्रजीत कोणी म्हणावे, असा प्रश्न निघाला. जिल्बर्टोची पत्नी अ‍ॅस्त्रुद तिथे होती. तिला इंग्रजी येत होते, मात्र व्यावसायिक ध्वनिमुद्रण तिने पूर्वी कधी केले नव्हते. ती गायली. तिच्या गाण्यात ताना नाहीत, आलाप नाहीत. दळण घेऊन येणारी शेजारीण जिन्यात गुणगुणावी तसा तो स्वर आहे. १९६४ मध्ये तबकडी बाजारात आली आणि पुढच्या वर्षी तिला वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ज्या आवाजामुळे ती जगभर गेली त्या अ‍ॅस्त्रुदचे नाव मात्र वेष्टनाच्या दर्शनी बाजूस नव्हते. घरातल्या गाण्याची अशी उपेक्षा आपल्याकडेही नवी नाही. अ‍ॅस्त्रुद २०२३ मध्ये वारली, जिल्बर्टो २०१९ मध्ये, जोबिम १९९४ मध्ये.

गठ्ठ्यात जोबिमची १९६३ ची वाद्यसंगीताची एक तबकडी निघाली. तिच्यावरील एका रचनेच्या नावापाशी माझे भाषांतर अडले. नाव होते ‘शेगा दे सौदाद’. १९५८ चे ते दोन मिनिटांचे गीत हेच. ‘शेगा दे’ म्हणजे ‘पुरे झाले’. पण ‘सौदाद’ म्हणजे काय? कोशात आठवण, विरह, ओढ असे अनेक अर्थ. कार्यालयातील एका गोमंतकीय सहकाऱ्याच्या मातोश्री १९६१ पूर्वीच्या गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “बाई, हा शब्द गोव्यातही सर्वांच्या तोंडी असे. माणूस दूर गेले, गाव दूर राहिले, की मनात जे होते ते. दुखते, पण ते जावे असेही वाटत नाही.”

रात्री जेवताना मी हे अण्णांना सांगितले. म्हटले, “आठवण म्हणावे तर उणे पडते, विरह म्हणावे तर नाटकी वाटते.” अण्णा घास हातात धरून थोडा वेळ बसले. मग म्हणाले, “हुरहूर.”

गेली बारा वर्षे मी शब्दांवर पोट भरते आहे. पण इतका नेमका शब्द मला कोणी दिला नव्हता. अण्णांनी तो कुठून आणला हे मला कळले आणि मला कळले हे त्यांनाही कळले. मग त्यांनी विचारले, “आणि त्या पूर्ण नावाचा अर्थ?” मी सांगितले, “पुरे झाली हुरहूर.” ते हसले. म्हणाले, “म्हणणारा म्हणतो तसे. संपत नाही ती.”

या मंद संगीताला पुष्कळांनी सुखवस्तूंचे, समुद्रकाठच्या निवांत लोकांचे संगीत म्हणून हिणविले. त्यात तथ्य आहे. ते सुस्थित तरुणांच्या बिऱ्हाडांतच वाढले. परंतु आमची नारिंगी तबकडी निघाली त्याच १९६४ च्या वसंतात ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकाविली आणि ती १९८५ पर्यंत सोडली नाही. मोराइसला त्या राजवटीने साठाच्या दशकाच्या अखेरीस परराष्ट्र सेवेतून काढून टाकले. सभोवती मोठे आवाज असताना यांपैकी काहीजण मंदच गात राहिले. हळू बोलणाऱ्याला ऐकायचे तर ऐकणाऱ्यालाही गप्प बसावे लागते. आमच्या घरात त्या वर्षी नेमकी तीच गरज होती.

आणि हे स्वर आपल्याला अगदीच परके नव्हते. १९६६ च्या ‘पति पत्नी’ या हिंदी चित्रपटातील आशा भोसले यांच्या एका गीतास राहुलदेव बर्मन यांनी बोसा नोव्हाचाच ताल दिला होता. त्यापूर्वीही मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील गोमंतकीय वादकांनी रुंबा आदी लॅटिन ताल आपल्या कानांवर घातले होतेच. आपण ते ऐकत होतो. त्यांचे गाव तेवढे ठाऊक नव्हते.

आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील. म्हणून अनुभवाने कळलेल्या चार गोष्टी सांगते. विकत घेताना तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावी. चरा नखाला लागत असेल तर ती घेऊ नये. हाताळताना कडेने धरावी, चऱ्यांवर बोट लावू नये. शुद्ध पाण्यात भिजविलेल्या मऊ फडक्याने चऱ्यांच्या दिशेने पुसावी. मधला कागद भिजू देऊ नये. मिनिटास ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, आणि ती लाख बहुतांशी आपल्याच देशातून जगाला जात असे. त्यांना स्पिरिट कदापि लावू नये, लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी, अधिक रुंद टोकाची लागते. झिजलेली सुई चांगल्या तबकडीचेही वाटोळे करते. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात.

शेवटची सूचना मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकले. मे महिन्यात जोबिमची तबकडी मी गॅलरीतील स्टुलावर विसरले. दिल्लीच्या उन्हाने तिला पापडासारखी लाट दिली. आता सुई त्या लाटेवर चढते आणि उतरते, आणि प्रत्येक फेरीस स्वर किंचित हेलकावतो. मला रडू कोसळले. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आंब्याच्या रिकाम्या पेटीच्या फळ्या काढल्या, घासल्या आणि तबकड्या उभ्या ठेवण्यासाठी एक मांडणी केली. मांडणीत सहा खण पुरले असते. त्यांनी बारा केले.

मार्गशीर्षात माझा भाऊ दिल्लीस आला, तेव्हा अण्णांनी फोन करून पेटी मागविली होती. आम्हांला सांगितले नव्हते. चार-पाच दिवस ती धोतराच्या पानातच राहिली. एका रात्री नऊनंतर, मुलगी झोपल्यावर, मी मुद्रितांचे कागद घेऊन बसले असताना मागे भात्याचा श्वास ऐकू आला. अण्णा इतक्या हलक्या हाताने भाता दाबीत होते की, स्वरापेक्षा लाकडाची कुरकुरच अधिक ऐकू येत होती. आई गात असे त्यातले एक भावगीत ते वाजवीत होते, आणि मधूनच ओठांतल्या ओठांत म्हणतही होते. समेवर येण्याची त्यांना घाई नव्हती.

मी वळून पाहिले नाही. तपासायचा कागद तसाच समोर धरून बसून राहिले.

त्या बारा खणांपैकी तीन अजून रिकामे आहेत. जुनी मराठी भावगीते दिल्लीत कुठे मिळतात, हे आपल्यापैकी कोणास ठाऊक असल्यास अवश्य कळवावे. पुढील महिन्यात पुन्हा भेटूच.